एक कॅनव्हास, सात माणसं: मिळून अमूर्त चित्र कसं रंगवावं

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा सहा जणांना एका कॅनव्हासभोवती बसवलं. विषय ठरला होता: आपण सगळे एकमेकांशी कसे बांधलेले आहोत. कॅनव्हासवर खडूने सहा सारखे चौकोन आखले आणि प्रत्येकाला एकेक वाटून दिला. दोन तासांनी तो उचलून भिंतीला टेकवला, तेव्हा फार वाईट वाटलं. लिफ्टशेजारी रहिवाशांच्या नावांची पाटी असते ना, तसं ते दिसत होतं. सहा खोल्या आणि मधे सरळ भिंती. एकाचा रंग दुसऱ्याच्या चौकोनात चुकूनही शिरला नव्हता. शिरू नये म्हणून सगळ्यांनी किती जपलं होतं, तेही स्पष्ट दिसत होतं.

दोष त्यांचा नव्हता, चौकोन मी आखले होते. जोडलेपणावर चित्र काढायला बसवलं आणि सुरुवातच वाटणीने केली.

त्यानंतर हा प्रयोग आणखी तीनदा केला. शेवटचा सात जणांचा होता आणि त्याला चार रविवार लागले. तो मनासारखा झाला. तुम्हाला सोसायटीत, शाळेत, वाचनालयात किंवा मित्रमंडळींत असं चित्र करायचं असेल, तर मी जिथे जिथे अडखळलो त्या जागा आधीच कळाव्यात म्हणून हे लिहितो आहे. आजवर ब्रश हातात धरला नसेल तरी काही बिघडत नाही.

सुरू करण्याआधी: काय काढायचं नाही

'माणसं जोडलेली आहेत' म्हटलं की सगळ्यांना तेच सुचतं: हातात हात घातलेली माणसं, पृथ्वीभोवती धरलेला फेर, जमिनीखाली गुंतलेली मुळं. ही जोडलेपणाची खूण झाली. पाहणारा खूण ओळखतो आणि पुढे जातो. अमूर्त चित्रात ओळखण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे नातं रंगारंगांत, रेघारेघांत प्रत्यक्ष घडावं लागतं.

घरी एक गोष्ट करून पाहा. यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घ्या आणि कागदावर त्याचे दोन सारखे ठिपके द्या. एकाभोवती गडद निळा भरा, दुसऱ्याभोवती फिकट पिवळा. पहिला ठिपका दिव्यासारखा उजळतो, दुसरा विझल्यासारखा दिसतो. रंग एकाच डबीतला. रंग कसा दिसेल हे त्याचा शेजारी ठरवतो, त्याला एकट्याला स्वभावच नसतो. या विषयासाठी मी अमूर्त चित्राकडे का वळलो, ते मला या दोन ठिपक्यांपेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. सुटा ठिपका काहीच नसतो. रेघ एकाला वळसा घालून दुसऱ्याकडे जाते, दोघांना आत घेते आणि मग कमळ दिसायला लागतं. आपल्या अंगणात हे रोज होत आलं आहे. कॅनव्हासवर तेच करायचं आहे, फक्त कमळ आधीपासून ठरलेलं नाही.

१. आधी पाहून या

सगळ्यांनी मिळून एकदा तरी खरी अमूर्त चित्रं पाहावीत. मोबाइलवर पोत दिसत नाही आणि आकारमानही कळत नाही. मुंबईत काळा घोडा परिसरात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे आणि समोरच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. भिंतीवर काय लावलं आहे ते बदलत असतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. वासुदेव गायतोंडे, अकोल्यात जन्मलेले आणि पुढे नॉर्वेत स्थायिक झालेले आंबादास, प्रभाकर कोलते यांच्यापैकी कोणाचं चित्र समोर आलं तर तिथे थांबा.

एकाच चित्रासमोर दहा मिनिटं. 'हे काय आहे?' असं विचारायचं नाही. एक डोळा मिटून तळहात असा धरा की चित्राचा एखादा भाग झाकला जाईल. आता उरलेल्या चित्राचं काय झालं? कुठला रंग एकदम ओरडायला लागला? कुठली बाजू कलंडली? हात काढा, पुन्हा झाका. चित्रातला एक भाग दुसऱ्याला कसा धरून ठेवतो ते अशाने डोळ्यांना कळतं. हे कळलेला माणूस नंतर कॅनव्हासवर स्वतःचा कोपरा मागत नाही.

आणखी एक चित्र इंटरनेटवर जरूर पाहा: ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटातला न्गुरारा कॅनव्हास. १९९७ साली तिथल्या चाळीसएक आदिवासी चित्रकारांनी मिळून ८ बाय १० मीटरचा हा कॅनव्हास जमिनीवर अंथरून रंगवला. जमीन आपली आहे हे सरकारी न्यायाधिकरणाला पटवून देण्यासाठी तो पुरावा होता. एकेक जण आपल्या मुलखाच्या रंगवलेल्या भागावर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. २००७ साली न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. प्रत्येकाचा पाणवठा वेगळा असूनही कॅनव्हास एकच ठेवला होता, कारण दावा कोणा एकट्याचा नव्हता.

इथे एक सावधगिरी. आपल्या नजरेला ते चित्र अमूर्त वाटतं. त्यांच्यासाठी त्यात पाणवठे आहेत, वाटा आहेत, पूर्वजांच्या कथा आहेत आणि त्या सांगण्याचा अधिकार कोणाला याचे नियमही आहेत. त्यातले ठिपके-वर्तुळं उचलून आपल्या चित्रात बसवू नका.

२. माणसं जमवा

पाच ते आठ जण. चारपेक्षा कमी असले की गट दोघांच्या मतांवर चालतो. आठपेक्षा जास्त झाले की सहा फुटी कॅनव्हासभोवती हात पोहोचत नाहीत आणि काही जण नुसते उभे राहतात.

एकाच वयाची, एकाच धाटणीची माणसं घेऊ नका. आमच्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी होत्या, एक निवृत्त शिक्षिका, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादा, रात्रपाळीचे वॉचमन काका, नववीतला एक मुलगा, जाहिरातींची कामं करणारा एक कमर्शियल आर्टिस्ट आणि मी. इस्त्रीवाले दादा रोज साठ-सत्तर घरांचे कपडे हाताळतात, पण सोसायटीच्या हॉलमध्ये ते पहिल्यांदाच आत येऊन बसले. बोलवायला मला इतकी वर्षं लागली, याची खंत आहे.

चित्रकला शिकलेली व्यक्ती असेल तर आधीच विचार करा. सगळ्यांची नजर तिच्या हाताकडे लागते आणि बाकीचे तिचं काम पुरं करून देणारे होतात. आम्ही पहिल्या दिवशी त्या मित्राकडे फक्त रंग कालवायचं काम दिलं. त्याने ते मनापासून केलं, आणि दुसऱ्या रविवारपर्यंत इतरांचे हात मोकळे झाले होते.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी हे तीन मुद्दे मोठ्याने वाचून दाखवा:

- मी जे काढेन ते या चित्रात माझं म्हणून राहणार नाही.
- त्यावर कोणीही रंगवू शकेल, पुसू शकेल.
- मीही कोणाच्याही कामावर रंगवू शकेन, पण त्यातलं काहीतरी राखून.

तिसऱ्या मुद्द्यातलं 'राखून' फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येतो. हे ऐकून कोणी म्हणालं, 'मग मला नाही जमणार', तर त्यांना प्रेमाने मोकळं करा. नंतर आलेल्या रुसव्यापेक्षा ते बरं.

३. सामान आणि कागद

तैलरंग नकोत. टर्पेंटाइनचा वास बंद हॉलमध्ये सहन होत नाही, मुलं असतात, आणि एकेक थर वाळायला दिवसच्या दिवस जातात. ॲक्रिलिक घ्या. ६ बाय ४ फुटांच्या चित्राला आम्हाला हे पुरलं:

- सुती कॅनव्हास रोलमधून कापून, चारही बाजूंनी सहा इंच जास्त. चौकटीवर ताणताना कडा लागतात.
- जेसो, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासवर द्यायचा पांढरा लेप, एक लिटर. दुकानदार 'प्राइम केलेला आहे' म्हणाला तरी एक हात द्या.
- ॲक्रिलिक रंग ५०० मिलीच्या डब्यांत: अल्ट्रामरीन निळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा एकेक आणि पांढऱ्याचे दोन.
- मॅट ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग पातळ करायला त्यात मिसळायचं बिनरंगी द्रावण, ५०० मिली.
- एक, दोन आणि तीन इंची चपटे ब्रश. हार्डवेअरच्या दुकानातले चालतात, पण आधी झटकून सुटे केस काढा, नाहीतर ते रंगात चिकटतात.
- चार इंची रोलर दोन, काच पुसायचा रबरी वायपर एक, पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरवायची बोथट सुरी, दोन-तीन.
- पाणी फवारायची बाटली. आमची इस्त्रीच्या टेबलावरून आली.
- जुन्या सुती साड्या किंवा धोतरं फाडून, भरपूर. रद्दी. श्रीखंडाचे रिकामे डबे. ताडपत्री.
- दोन बादल्या: एक ब्रश खळबळायला, एक स्वच्छ पाण्याची. एकाच बादलीवर भागवलं की तासाभरात सगळे रंग मळतात.

ब्रश वाळू देऊ नका. ॲक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिकसारखं घट्ट होतं आणि ब्रश फेकावा लागतो. जेवायला जाताना ब्रश पाण्यात, हा नियम मुलांना आधी सांगा.

कागदांचं काम थोडकं आहे, पण टाळू नका. हॉलसाठी सेक्रेटरींना पत्र द्या आणि चारही रविवारच्या तारखा एकाच पत्रात लिहा. आम्ही पहिल्या वेळी एकच तारीख लिहिली, मधे एक बारसं आलं आणि ओला कॅनव्हास उचलून जिन्यात ठेवावा लागला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. फोटो काढणार असाल तर त्यांची परवानगीही त्याच कागदावर. आणि चित्राचं पुढे काय करायचं, यावर सगळ्यांच्या सह्यांचा एक कागद आत्ताच करा. का, ते शेवटी सांगतो.

४. कॅनव्हास जमिनीवर, आणि पांढरा ठेवायचा नाही

इझल, म्हणजे चित्र उभं ठेवायची घोडी, नको, भिंत नको. कॅनव्हास ताडपत्रीवर अंथरा. उभ्या कॅनव्हासला वर-खाली असतं, डावं-उजवं असतं, आणि समोर उभं राहायला जागा फार तर तिघांना. जमिनीवर चारही बाजू सारख्या. माझ्याकडून जे वर ते तुमच्याकडून खाली. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी बांबूच्या काठीला ब्रश बांधा. आजी खुर्चीत बसून तशाच रंगवत, आणि लांब काठीमुळे त्यांची रेघ सगळ्यांत मोकळी आली.

जेसो वाळल्यावर तिन्ही रंग आणि पांढरा एकत्र करून मधला करडा-तपकिरी रंग बनवा. सगळ्यांनी मिळून तो रोलरने, फडक्याने, हाताने पसरवा. पांढऱ्या कॅनव्हासवर पहिला फटकारा मारायला माणूस घाबरतो, हे एक कारण. खरं कारण दुसरं आहे. पांढऱ्यावर प्रत्येक खूण सुटी, कापून चिकटवल्यासारखी दिसते. मधल्या रंगावर ती मुरते. शिवाय पहिला थर सगळ्यांच्या हातचा असला की 'सुरुवात कोणी केली' हा प्रश्न उरत नाही.

पातळ थर अर्ध्या तासात हाताला लागेनासा होतो. पावसाळ्यात मात्र हवेतल्या ओलाव्याने फार वेळ जातो आणि लोक कंटाळतात. दिवाळीनंतर सुरू करा.

५. तीनच रंग, आणि सगळ्यांत एकाचा अंश

या पायरीवर मी कोणाचंही ऐकत नाही. निळा, ऑकर, सिएना आणि पांढरा, बस. सात जण आणि बारा रंग असले की दुसऱ्या तासाला कॅनव्हासवर चिखल होतो. विरुद्ध रंग एकमेकांत मिसळून करडे पडतात, आणि मग कोणीतरी ते सावरायला आणखी भडक रंग आणतं.

तीन रंगांतून किती छटा निघतात ते स्वतः कालवून पाहा. निळा आणि सिएना मिळून जवळजवळ काळा होतो, त्यात पांढरा घातला की पावसाळी ढगांचा करडा. ऑकर आणि निळ्यातून शेवाळी हिरवा. यातली प्रत्येक छटा त्याच तीन डब्यांतून आलेली असते, म्हणून एकमेकींशेजारी ठेवल्या तरी त्या भांडत नाहीत.

त्याहून पुढचं पाऊल: वापरायला काढलेल्या प्रत्येक डब्यात चमचाभर ऑकर घाला, निळ्यातही आणि पांढऱ्यातही. डोळ्याला तो ऑकर वेगळा दिसत नाही, पण सगळे रंग एकाच घरातले वाटायला लागतात. चित्रकारांची ही जुनी युक्ती आहे. आमच्या शिक्षिका बाईंना ती विरजणासारखी वाटली, आणि त्यानंतर आम्ही तिला विरजणच म्हणायला लागलो.

६. पहिला रविवार: एकच रेघ

सगळे कॅनव्हासभोवती गोल उभे. एक ब्रश, एक रंग. पहिला माणूस रेघ सुरू करतो आणि ब्रश न उचलता शेजाऱ्याकडे नेतो. शेजारी त्याच्या हातावर हात ठेवून ब्रश घेतो, मग पहिला हात सोडतो. ब्रश कॅनव्हासवरच राहतो. रंग संपला तर तिसऱ्याने वाटीतून चमच्याने रेघेच्या पुढ्यात ओतायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण अनोळखी माणसाच्या हातावर हात ठेवणं आपल्याकडे सोपं नाही. वॉचमन काका पहिल्या फेरीत थबकले. आजींनी त्यांचं मनगट धरून ब्रश दिला आणि म्हणाल्या, 'धरा हो, सांडेल.' तिथून पुढे कोणी थबकलं नाही.

तीन फेऱ्या करा. मग रेघ वाळू द्या आणि दुसऱ्या रंगाने दुसरी काढा. ती पहिलीला कुठे छेदते, कुठे तिच्याबरोबर चालते, कुठे लांब जाते ते पाहा. आता ही रेघ कोणाची, ते कोणालाच सांगता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये हिल्मा आफ क्लिंट ही स्वीडिश चित्रकार आणि तिच्या चार मैत्रिणी दर आठवड्याला जमून अशाच आळीपाळीने वह्यांत रेखाटनं करत. कुठली रेघ कोणाची, हे त्या वह्यांतूनही सहसा उलगडत नाही. हिल्माची अमूर्त चित्रं त्यानंतरची आहेत, १९०६पासूनची.

इथे हमखास काय होतं सांगतो. कोणीतरी रेघेतून मासा, चेहरा किंवा बदक काढतं. मुलं तर हमखास. रागावू नका. पुढच्या माणसाला त्यावरूनच रेघ न्यायला सांगा.

७. दुसरा रविवार: जागा बदलत राहा

आता सगळ्यांच्या हातात ब्रश. रेघांमुळे पडलेल्या जागा भरायच्या, पण दर दहा मिनिटांनी घंटा वाजली की प्रत्येकाने एक पाऊल उजवीकडे सरकायचं. ब्रश आणि रंग तिथेच सोडायचे. पुढच्या माणसाने त्याच रंगाने सुरुवात करायची.

तीन-चार घंटांनंतर माणसं 'माझी जागा' म्हणणं सोडतात. तुमच्याकडे नाही सोडलं तर वेळ दहावरून सात मिनिटांवर आणा. पूर्ण होण्याआधीच काम सोडावं लागलं पाहिजे. ते कोणीतरी पुढे नेतं, हे पाहण्यात या रविवारचं सगळं सुख आहे.

८. तिसरा रविवार: झाकणं, पुसणं, राखणं

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही पायरी नीट करा.

दोन रविवारांनंतर कॅनव्हास भरलेला असतो. सगळ्यांना तो आवडायला लागलेला असतो, आणि तरीही त्यात गर्दी असते. प्रत्येक जण बोलतो आहे, ऐकणारा कोणी नाही, असं काहीसं. आता कमी करायचं असतं. म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी काम झाकायचं.

गायतोंडे यांच्याकडून इथे मी खूप घेतलं आहे. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवत. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून रंग उचलून घेत. वर्षाला मोजकीच चित्रं करत. त्यांच्या कॅनव्हासमध्ये खालचा थर वरच्यातून श्वास घेतल्यासारखा जाणवतो. ते अतिशय एकांतात काम करणारे चित्रकार होते आणि आपण सात जण हॉलमध्ये गलका करतो. पण वरच्या थराने खालच्याला मारायचं नाही, ही शिस्त मला त्यांच्या चित्रांनी शिकवली.

म्हणून झाकण्याआधीचा नियम: ज्या भागावर रंगवणार त्याच्यासमोर एक मिनिट गप्प बसा आणि त्यातलं काय राखणार ते ठरवा. एखादी कड, एखादी दिशा, रंगाचा कवडसा. मग हात लावा.

हात लावायच्या चार रीती:

पातळ थर. रंगात मीडियम आणि थोडं पाणी मिसळून पसरवा, खालचं दिसत राहतं. नुसतं पाणी फार घातलं तर रंगाची पकड सुटते, म्हणून मीडियम लागतं.

पुसणं. वाळलेल्या थरावर नवा रंग लावा आणि तो ओला असतानाच ओल्या फडक्याने काही भाग काढा. पाच-दहा मिनिटांत उरकायला हवं.

रद्दी. ओल्या रंगावर वर्तमानपत्र ठेवून तळहाताने दाबा, लगेच उचला. चमकता रंग निघतो आणि भिंतीच्या पोपड्यांसारखा सुंदर पोत राहतो. कागद विसरलात तर तो तिथेच चिकटतो.

घासणं. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने घासा. पहिल्या रविवारची रेघ पुन्हा वर येते.

आता आजींचं वर्तुळ. दुसऱ्या रविवारी त्यांनी ऑकरचा एक जाडसर गोल केला होता. कोणाला काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी नववीतल्या मुलाने निळसर करडा रंग घेऊन रोलर त्यावरून नेला. एक मिनिट बसायचा नियम तो विसरला. आजींनी काठी खाली ठेवली. म्हणाल्या, 'माझ्या माहेरची विहीर होती ती.' हॉलमध्ये शांतता पसरली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला मधे पडायची फार इच्छा झाली. पडलो नाही, आणि तुम्हीही पडू नका. मुलाने ओलं फडकं घेतलं आणि निळा पुसायला लागला. कडेचा पातळ रंग तोवर वाळून बसला होता, मधला जाड रंग निघाला. खालचा ऑकर पूर्ण गोल म्हणून परत आलाच नाही. फुटक्या कडांचा, आतून उजळलेला एक आकार वर आला, जणू खोल पाण्यात ऊन पडलं आहे. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी ते फडकं मागून घेतलं, काठीला गुंडाळलं, आणि उरलेला ओला निळा ओढत शेजारच्या भागात, शिक्षिका बाईंच्या हिरव्यापर्यंत नेला. 'झिरपतं विहिरीचं पाणी,' एवढंच बोलल्या.

तो आकार आजींनी एकट्याने केला नसता, मुलाने तर नाहीच. आज चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथे जाऊन थांबते.

दोन धोके लक्षात ठेवा. काही जण सगळं एकसारखं दिसावं म्हणून पांढऱ्याचा पातळ हात पूर्ण चित्रावर देतात. त्याने सगळं धुक्यात जातं आणि फरकच उरत नाहीत. फरक उरले नाहीत तर जोडायचं काय? दुसरा धोका, दोन माणसं एकमेकांचं काम आलटून पालटून झाकत राहतात. तसं दिसलं की दोघांना एकच रोलर द्या, चार हातांनी धरायला.

९. चौथा रविवार: थांबायचं कधी

या दिवशी पहिला अर्धा तास कोणी रंगवायचं नाही. कॅनव्हास भिंतीवर टाचा आणि पंधरा फुटांवर बसा. दर पाच मिनिटांनी तो नव्वद अंशांत फिरवा. तळहाताने झाकायचा संग्रहालयातला प्रयोग पुन्हा करा. एखादा भाग झाकल्यावर चित्राला काहीच फरक पडत नसेल, तर तो भाग अजून कोणाशी बोललेला नाही. तिथेच काम करा, इतरत्र नाही.

ज्या क्षणी कुठलाही भाग झाकला की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, तिथे थांबा. मतभेद झाले तर ज्याला थांबायचं आहे त्याचं ऐका. चित्र आणखी आठवडाभर ठेवून पुढे नेता येतं, पण गेलेला थर परत येत नाही.

वॉर्निशची घाई नको. पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडे द्या, मग मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात. चौकटीवर ताणायचं काम फ्रेमवाल्याकडून करून घ्या, एवढा मोठा कॅनव्हास घरी ताणला की कोपऱ्यात चुण्या पडतात.

१०. सही, हक्क आणि भिंत

चित्र झालं की 'कोणी काढलं?' हे सगळे विचारतात. प्रदर्शनाच्या अर्जावर चित्रकाराच्या नावापुढे बहुधा एकच ओळ असते. तिथे सातही नावं लिहा, जागा अपुरी पडली तर जोडपत्र लावा. संयोजक म्हणून फक्त तुमचं नाव टाकायचा आग्रह झाला, आम्हाला झाला होता, तर नम्रपणे नाही म्हणा.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कृतीची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक जणांनी सहकार्याने केलेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, ती संयुक्त कृती. कायद्याच्या भाषेत याहून नेमकं वर्णन आमच्या चित्राचं कोणी केलं नसतं. माझे सहा चौकोन या व्याख्येत बसले नसते. अशा कृतीवरचा हक्क सगळ्यांचा मिळून असतो, आणि शेवटच्या हयात व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. म्हणून विकायचं, छापायचं, कॅलेंडरवर घ्यायचं तर सगळ्यांची संमती लागते. सुरुवातीला सह्यांचा कागद करा म्हणालो तो यासाठी. आमच्या कागदावर तीन ओळी आहेत: विकायचं नाही, छापायला सातही जणांचा होकार हवा, आणि सोसायटीने हॉल पाडला तर चित्र जवळच्या शाळेला द्यायचं.

पुढच्या बाजूला सही नको. एका कोपऱ्यात नाव आलं की तो कोपरा खालचा ठरतो. गायतोंडे यांच्या बऱ्याच कॅनव्हासवर सही मागच्या बाजूला आहे. वारली लग्नात सवाशिणी मिळून भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यावर तर कोणाचंच नाव नसतं. आम्ही मागे सात नावं गोलात लिहिली, म्हणजे पहिलं कोणतं आणि शेवटचं कोणतं ते ठरत नाही. इस्त्रीवाल्या दादांना लिहिता येत नाही, त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि मुलाने ते लिहिलं.

टांगण्यासाठी चौकटीला चारही बाजूंनी कड्या लावून घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, समोर ट्यूबलाइटची चमक पडणार नाही अशा भिंतीवर. दर तीन महिन्यांनी एक बाजू फिरवा. आमच्याकडे ते काम वॉचमन काकांनी आपणहून घेतलं आहे. सध्या विहीर खाली डाव्या बाजूला आली आहे, आणि आजींना दारातून आत येतानाच ती दिसते.